विनकूप ब्रुइंग, डेन्व्हर : बिअर चांगली आहेच, पण मालकाची गोष्ट त्याहून भारी

पत्ता आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. विनकूप ब्रुइंग कंपनी, १८वा स्ट्रीट आणि विनकूप स्ट्रीटचा कोपरा, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरचं लोअर डाउनटाउन, ज्याला इथे सगळे लोडो म्हणतात. युनियन स्टेशनच्या दारातून बाहेर आलात की तिरकं बघायचं, जुनी लाल विटांची मोठी बिल्डिंग दिसते, तेच. एअरपोर्टवरून ए लाइनची ट्रेन पकडली तर साधारण ३७ मिनिटांत युनियन स्टेशन, आणि तिथून बॅग ओढत चालत दोन-तीन मिनिटं. त्या ट्रेनचा आणि या पबच्या मालकाचा पण संबंध आहे बरं का, तो पुढे येईलच.

आई-बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो. आता तुम्ही म्हणाल आई-बाबांना ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवतात आणि तिथेच विकतात अशा ठिकाणी, कोण नेतं, तर बाबांना राजकारणाचं भयंकर वेड आहे आणि मी त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला अशा बारमध्ये नेतो ज्याचा मालक पुढे जाऊन इथला मुख्यमंत्री झाला. इथे गव्हर्नर म्हणतात, पण आपल्या राजभवनातले राज्यपाल डोळ्यासमोर आणू नका, इथला गव्हर्नर थेट लोकांतून निवडून येतो आणि सगळा कारभार तोच चालवतो. बाबा लगेच तयार. आई म्हणाली, "दारूचा गुत्ता चालवणारा मुख्यमंत्री, आणि तुम्ही बापलेक त्याचं दर्शन घ्यायला निघालात." दर्शन काही होत नाही, तो जॉन हिकनलूपर आता वॉशिंग्टनला सिनेटर आहे आणि या जागेतली त्याची मालकीही कधीच संपली. पण जागा तीच आहे.

आधी जागेबद्दल. ही बिल्डिंग १८९९ ची, जे. एस. ब्राउन मर्कंटाइल नावाच्या किराणा-होलसेलवाल्यांची. आत शिरलं की ते लगेच कळतं, म्हणजे लाकडाचे जाडजूड खांब, उंच छत, पायाखाली लाकडी फळ्या, सगळं असं की इथे एकेकाळी पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असणार. लांबलचक बार आहे, बिअर बनवायच्या टाक्या दिसतात, आणि वरच्या मजल्यावर पूल टेबलंच पूल टेबलं. एवढा मोठा पूल हॉल डाउनटाउनमध्ये फार कमी ठिकाणी बघायला मिळतो. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा क्यू हातात धरला आणि कॅरमचा अँगल लावून दोन बॉल घातले पण.

बिअर. रेलयार्ड एल ही यांची जुनी ओळखीची बिअर, तांबूस रंग, कडवटपणा कमी, माल्टची थोडी गोडसर चव. ज्यांनी आयुष्यभर किंगफिशर प्यायलीय त्यांना इथून सुरुवात करायला एकदम सोपी. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवट करणाऱ्या फुलांचा, मारा असलेल्या आयपीए प्रकारच्या बिअर मला स्वतःला झेपत नाहीत, कारल्याचा रस प्यायल्यासारखं वाटतं, त्यामुळे त्या बाबतीत माझ्यावर विसंबू नका. खरी मजा पॅटीज चिली बिअरची. हलकी जर्मन पद्धतीची बिअर आणि त्यात ॲनाहाइम मिरच्या आणि धुरावलेली आंचो मिरची. ग्लास नाकाजवळ नेला की भाजलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तिखट म्हणाल तर आपल्या हिशेबाने अजिबात नाही, बाबांनी एक घोट घेऊन "यात मिरची कुठंय" विचारलं, पण घशाच्या मागे एक ऊब राहते आणि ती ग्रीन चिलीच्या वाटीबरोबर जाम जमून जाते. कोलोरॅडोत ग्रीन चिली म्हणजे हिरव्या मिरचीचा दाट रस्सा, बहुतेक ठिकाणी त्यात पोर्क असतं, तेव्हा शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्यायचं.

आणि एक भन्नाट प्रकार म्हणजे रॉकी माउंटन ऑयस्टर स्टाउट, स्टाउट म्हणजे काळी दाट बिअर. ऑयस्टर नावावर जाऊ नका, समुद्र इथून हजार मैल लांब आहे. रॉकी माउंटन ऑयस्टर म्हणजे बैलाचे, कसं सांगू, जे काढून टाकल्यावर वळूचा बैल होतो ते. २०१२ मध्ये यांनी एप्रिल फूलचा व्हिडिओ केला की आम्ही त्याची बिअर बनवतोय, लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं की शेवटी यांनी खरंच बनवली, भाजून, काप करून, टाकीत घालून. आईला मी हे सांगितलं नाही. तुम्ही जाल तेव्हा कुठली बिअर नळाला असेल ते बदलत असतं, बोर्डावर बघायचं.

आता मालकाची गोष्ट, कारण माझ्या मते इथे येण्यामागचं निम्मं कारण तेच आहे.

जॉन हिकनलूपर, जन्म १९५२, पेनसिल्व्हेनियाचा. आधी इंग्रजी साहित्यात बीए, मग जिऑलॉजीत मास्टर्स, आणि कोलोरॅडोत येऊन एका तेल कंपनीत जिऑलॉजिस्टची नोकरी. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, डेन्व्हरचं सगळं गाडं तेव्हा तेलावर चाललेलं, कंपन्या धडाधड बंद, आणि १९८६ मध्ये याची नोकरी गेली. वय ३४. तेलाच्या धंद्यात परत कोणी घेणार नाही हे उघड होतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला त्याने एक ब्रूपब बघितला आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. कोलोरॅडोत तेव्हा असा एकही ब्रूपब नव्हता. आज डेन्व्हरच्या कुठल्याही गल्लीत एक सापडतो म्हणून हे खरं वाटत नाही, पण तेव्हा इथे बिअर म्हणजे कूर्स या बड्या कंपनीची, संपलं.

मग हा लायब्ररीत गेला आणि बिझनेस प्लॅन कसा लिहावा याचं पुस्तक आणलं. मित्रांकडे, ओळखीच्यांकडे पैसे मागत फिरला. तो स्वतःच सांगत असतो की माझ्या सख्ख्या आईने सुद्धा यात पैसे घातले नाहीत. (आमच्या आईचं हे ऐकून मत जरा सुधारलं, "शहाणी बाई" म्हणाली.) शहराच्या आर्थिक विकास खात्याकडून थोडं कर्ज मिळालं, तीन पार्टनर होते, आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये पब सुरू झाला. पार्टनरांमधला रसेल शेहरर हा बिअर बनवणारा, त्या काळात काय काय विचित्र प्रयोग करायचा, तो १९९६ मध्ये गेला, आणि आजही अमेरिकेतल्या क्राफ्ट बिअरवाल्यांच्या संघटनेकडून नव्या प्रयोगांसाठी जो पुरस्कार देतात तो त्याच्या नावाने आहे.

जागा इथेच का, तर स्वस्त. लोडो त्या काळी म्हणजे ओस पडलेली गोदामं, फुटक्या काचा, संध्याकाळनंतर कोणी फिरकायचं नाही. भाडं वर्षाला स्क्वेअर फुटामागे एक डॉलर होतं असं तो सांगतो. महिन्याला नाही, वर्षाला! त्याच वर्षी शहराने या भागाला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण दिलं, त्यामुळे जुन्या बिल्डिंगी पाडून पार्किंग लॉट करण्याचा धंदा थांबला. कूर्स फील्ड, म्हणजे बेसबॉलचं स्टेडियम, पुढच्या दोन-तीन ब्लॉकवर झालं ते १९९५ मध्ये. म्हणजे स्टेडियम येणार म्हणून याने दुकान टाकलं असं नाहीये, हा आधी सात वर्षं ओसाड भागात गिऱ्हाईक गोळा करत बसला होता.

आणि इथेच त्याच्या राजकारणाची खरी मुळं आहेत असं मला वाटतं. ओसाड भागात एकट्याचं हॉटेल चालत नाही. लोक एका हॉटेलसाठी अंधाऱ्या गल्लीत येत नाहीत, चार असली तर येतात. म्हणून हा शेजारच्या हॉटेलवाल्यांबरोबर मिळून जाहिराती करायचा, स्वतःच्या स्पर्धकाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून धडपडायचा, कारण शेजाऱ्याकडे जागा नसली की गिऱ्हाईक आपल्याकडे येणार हे सरळ गणित. वरच्या मजल्यांवर राहायची घरं काढली, स्वतः तिथे राहिला. टॅटर्ड कव्हर नावाचं डेन्व्हरचं नावाजलेलं पुस्तकांचं दुकान जवळच्याच जुन्या मर्कंटाइल बिल्डिंगमध्ये आलं, त्या प्रकल्पात पण तो भागीदार होता. मग कोलोरॅडो स्प्रिंग्जला १९९३ मध्ये एका पडायला आलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये फँटम कॅन्यन नावाचा ब्रूपब काढला, फोर्ट कॉलिन्सला एकात भाग घेतला, नेब्रास्का-आयोवाकडे पण गेला. सगळीकडे पॅटर्न एकच, गावाचा जुना मधला भाग, रिकामी बिल्डिंग, खाली बिअर. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलाली आली तेव्हा जे कौतुक झालं ना, ते इथे वीस वर्षं आधी होऊन गेलं होतं.

सुरुवातीला पब्लिसिटीसाठी काय काय केलं असेल, तर डुकरांची शर्यत! स्पेनमध्ये बैल पळवतात तशी यांनी ब्लॉकभोवती डुकरं पळवली. प्राणीप्रेमी निदर्शनं करायला आले आणि टीव्हीवाले त्यांच्या मागे आले, म्हणजे जाहिरात फुकट.

अजून एक गंमत, त्याला चेहरे लक्षात राहत नाहीत. म्हणजे खरंच, त्याला प्रोसोपॅग्नोझिया आहे, माणूस ओळखीचा असला तरी चेहऱ्यावरून पटत नाही. आता हॉटेलमालकाला हे असणं म्हणजे धंद्याची वाटच की, पण त्याने काय केलं, समोर येईल त्या प्रत्येकाशी जुनी ओळख असल्यासारखं बोलायचं. हे मला वाचून इतकं आवडलं! आपल्याकडचे पुढारी नाही का, लग्नात भेटले की "काय पाव्हणं, बरंय ना" म्हणतात आणि त्यांना आपलं नाव माहीत नसतं, ते आपल्यालाही माहीत असतं, तरी आपण खूश.

तर हा असा शहरात सगळ्यांना माहीत असलेला पण निवडणुकीशी काही संबंध नसलेला माणूस. तो पुढे आला तो स्टेडियमच्या नावावरून. डेन्व्हर ब्राँकोजचं जुनं फुटबॉल स्टेडियम माइल हाय नावाचं होतं, शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच म्हणून. नवीन स्टेडियम २००१ मध्ये झालं, तेही लोकांच्या करातून, आणि नाव मात्र इन्व्हेस्को नावाच्या फंड कंपनीला विकायचं ठरलं. हा पेटून उठला, लोकांना जुनंच नाव हवंय हे दाखवायला सर्व्हे करून घेतला, पेपरात, रेडिओवर बोलला. नाव विकलं गेलंच, पण शेवटी "इन्व्हेस्को फील्ड ॲट माइल हाय" अशी तडजोड झाली. त्यानंतर कंपन्या बदलत गेल्या, पुढचं नाव बदलत गेलं, शेपटाचं माइल हाय आजही तसंच आहे. स्वतःच्या पबचा एक पैशाचा फायदा नसलेल्या विषयात पडला आणि लोकांच्या लक्षात राहिला. आपल्याकडे नामांतरावरून काय काय होतं ते आठवा, आणि इथे काम बिअरवाल्याने केलं.

२००३ मध्ये तो महापौरपदाला उभा राहिला, वय ५१, त्याआधी कुठल्याही पदावर कधी निवडून आलेला नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो रस्त्यावर फिरून लोकांच्या पार्किंग मीटरमध्ये चिल्लर टाकतोय, कारण शहराने मीटरचे दर वाढवल्यामुळे सगळे वैतागले होते. दुसऱ्या जाहिरातीत महापौरासारखं दिसायला कुठले कपडे घालू म्हणून वेगवेगळे कपडे घालून बघतोय. स्वतःचीच टिंगल. समोर शहराचा ऑडिटर होता, मुरलेला माणूस, आणि रनऑफमध्ये, म्हणजे पहिल्या दोघांतल्या शेवटच्या फेरीत, जवळपास ६५ टक्के मतं घेऊन हा निवडून आला.

बाबांना इथपर्यंत सांगितलं तर ते प्रेट्झेल खायचे थांबले. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, बाबा कारखान्याच्या निवडणुका बघत मोठे झालेले. ते म्हणाले, "म्हणजे साखर कारखाना नाही, दूध संघ नाही, पतसंस्था नाही, एक शाळा पण काढली नाही, आणि नुसत्या बारवर हा निवडून आला?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही वरच्या मजल्यावर बघा, खाली बघा, शेजारी बघा, हाच त्याचा कारखाना." ते काही बोलले नाहीत पण त्यांना पटलं नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाले, "कारखान्यात सभासद असतात रे, त्यांचा ऊस असतो, त्यांना मत द्यावंच लागतं. याच्या गिऱ्हाइकाला कुठं बांधून ठेवलंय?" आणि यात एवढा मोठा मुद्दा आहे की मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होतो. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हापासून आपल्याकडे धंदा आणि राजकारण याची गाठ अशी बसलीय की कारखाना हातात असला की तालुका हातात. ऊस घालायचा तर तिथेच, कर्ज तिथलंच, मुलाची ॲडमिशन तिथल्याच कॉलेजात. पबवाल्याचं गिऱ्हाईक रोज रात्री नव्याने ठरवतं की इथे यायचं का पलीकडे. त्यामुळे या माणसाला लागलेली सवय कोणती, तर कोणालाही दुखवायचं नाही. हॉटेलच्या धंद्यात शत्रू करून काही नफा नसतो, अशा अर्थाचं वाक्य त्याने आजवर शेकडो भाषणांत म्हटलं असेल.

या सवयीचा फायदा झाला का, तर झाला. एअरपोर्टची ती ट्रेन आठवतेय का? २००४ मध्ये फास्ट्रॅक्स नावाची योजना आली, पूर्ण महानगरात रेल्वेचं जाळं, त्यासाठी विक्रीकर ०.४ टक्क्याने वाढवायचा, आणि त्याला लोकांनी मतदानात होकार द्यायचा. कर वाढवायला लोक स्वतः हो म्हणतील असं आपण स्वप्नात तरी बघू का! याने आजूबाजूच्या उपनगरांच्या महापौरांना, त्यात रिपब्लिकनही होते, सगळ्यांना एकत्र बसवलं आणि ते मंजूर करून घेतलं. शेजारचं हॉटेल भरलं तर आपलंही भरेल हेच तत्त्व. ए लाइन २०१६ ला सुरू झाली. पण थांबा, बोल्डर-लाँगमाँटकडे जायची जी लाइन होती ती वेस्टमिन्स्टरपर्यंत येऊन थांबली आणि पुढचे लोक इतकी वर्षं कर भरतायत आणि ट्रेन नाही. माझे दोन मित्र तिकडे राहतात, त्यांच्यासमोर हिकनलूपरचं कौतुक करायची सोय नाही.

महापौर झाल्यावर धंद्यातला हिस्सा त्याने ट्रस्टकडे दिला आणि २००७ मध्ये विकून टाकला. त्याच वर्षी दुसऱ्यांदा महापौर झाला तो जवळपास ८७ टक्क्यांनी, म्हणजे विरोधक होते का नव्हते.

मग राज्य. जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे गव्हर्नर बिल रिटर यांनी अचानक जाहीर केलं की मी परत उभा राहणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षात पहिलं नाव केन सालाझार यांचं चाललं होतं, ते नको म्हणाले, मग हा. समोर रिपब्लिकन पक्षात असा काही गोंधळ झाला की विचारू नका. त्यांचा मुख्य उमेदवार पाण्याच्या प्रश्नावरचे लेख दुसऱ्याचे उचलले म्हणून अडकला, पक्षाचा उमेदवार ठरवायच्या प्राथमिक फेरीत डॅन मेस नावाचा नवखा निवडून आला, आणि त्याने डेन्व्हरमधल्या भाड्याच्या सायकलींच्या योजनेत संयुक्त राष्ट्रांचा डाव दिसतो असं सांगायला सुरुवात केली. सायकल! मग रिपब्लिकनांचेच माजी खासदार टॉम टँक्रेडो तिसऱ्या पक्षातून उतरले. हिकनलूपरने विरोधकांवर चिखलफेक करणारी जाहिरात करणार नाही असं ठरवलं होतं, आणि तेच सांगायला जी जाहिरात केली त्यात तो पूर्ण कपड्यांनिशी शॉवरखाली उभा आहे, कपडे बदलून परत शॉवर, परत शॉवर, की असल्या जाहिराती बघितल्या की मला अंघोळ करावीशी वाटते. निकाल, हा ५१ टक्के, टँक्रेडो ३६, मेस ११. समोरचं घर फुटलं होतं हे खरं, पण याने पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे ते दोघे एक झाले असते तरी हाच आला असता.

२०११ च्या जानेवारीत शपथ झाली आणि गव्हर्नरच्या सरकारी बंगल्यात त्याने बिअरचे नळ बसवून घेतले, कोलोरॅडोच्याच बिअर. आमच्या आईने इथे कपाळाला हात लावला.

पण मला विचाराल तर गव्हर्नर म्हणून ती पबवाली सवय त्याला अडचणीची पण ठरली. महापौराला खड्डे बुजवायचे असतात, खड्ड्याच्या बाजूने कोणीच नसतं. राज्यात असे विषय येतात की एकाला हो म्हटलं की दुसरा कायमचा गेला. २०१२ च्या जुलैमध्ये ऑरोरात थिएटरमध्ये गोळीबार झाला, १२ जण गेले, त्यानंतर २०१३ मध्ये त्याने बंदुकांचे कायदे केले, मॅगझिनला १५ गोळ्यांची मर्यादा वगैरे, आणि ते धाडसाचं काम होतं, त्यापायी त्याच्या पक्षाच्या दोन राज्य सिनेटरांना लोकांनी मुदतीआधीच मतदान करून पदावरून काढलं. पण पुढच्या वर्षी शेरीफ, म्हणजे इथले काउंटीचे पोलीसप्रमुख, त्या मंडळींसमोर उभा राहिला तर त्याच कायद्याबद्दल दिलगिरीच्या सुरात बोलला. का? समोर बसलेलं गिऱ्हाईक नाराज आहे ना! फाशीच्या एका कैद्याचा अर्ज आला, तर माफीही नाही आणि फाशीही नाही, तात्पुरती स्थगिती, बाकी पुढच्या गव्हर्नरने बघावं. त्यावरून दोन्हीकडचे चिडले. तेलासाठी जमिनीत पाणी आणि रसायनं घुसवतात त्या फ्रॅकिंगवर बोलताना त्याने वॉशिंग्टनच्या समितीसमोर सांगितलं की मी फ्रॅकिंगचं द्रावण पिऊन बघितलंय. जिऑलॉजिस्ट आणि बारमालक एकाच देहात असला की असं होतं.

गांजाचं वेगळंच. २०१२ मध्ये लोकांनी मतदानाने गांजा कायदेशीर केला, याचा विरोध होता, निकालाच्या रात्री म्हणाला की लगेच चीटोजची (चिप्ससारखा खाऊ) पाकिटं फोडायला घेऊ नका, केंद्राचा कायदा अजून तसाच आहे. पण मग त्याच्याच सरकारने परवाने, कर, नियम सगळं बसवलं आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. नंतर स्वतःच म्हणाला की मला वाटलं होतं तेवढं काही वाईट झालं नाही. इथे मात्र त्याला पूर्ण मार्क. परवाना, तपासणी, वय बघणं, कर भरणं हे लिकर लायसन्सवाल्याला जेवढं कळतं तेवढं वकिलाला कळत नाही.

२०१४ ला परत निवडून आला पण थोडक्यात. २०१९ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, कोणी विचारलं नाही, ऑगस्टमध्ये माघार. त्याच वर्षी आधी सिनेट हे माझं काम नाही म्हणाला होता, आणि २०२० ला सिनेटलाच उभा राहून निवडून आला. त्याच निवडणुकीच्या वर्षी राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने त्याला दोषी धरून २,७५० डॉलर दंड केला, गव्हर्नर असताना खासगी विमान आणि आलिशान गाडीचा पाहुणचार घेतला म्हणून. बाबांना आकडा रुपयांत करून सांगितला तर हसायला लागले, म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडं साधं स्वागताचं फ्लेक्स लागत नाही रे."

आता परत टेबलावर येऊ. प्रेट्झेल आणि बिअर-चीज मागवा, चार जणांना पुरतं. शेफर्ड्स पाय हा जुना प्रकार, वर बटाट्याचा थर, खाली मटणाचा खिमा, थंडीच्या दिवसात मस्त, आणि बटाट्याच्या थरावर थोडं लाल तिखट भुरभुरवलंत तर अजूनच मस्त, टेबलावर हॉट सॉसची बाटली मागितली की मिळते. आईने मॅक अँड चीज घेतलं आणि पर्समधली लसणाच्या चटणीची पुडी काढली, वेट्रेसने काय आहे विचारलं, चाखली, आणि आत कोणालातरी दाखवायला घेऊन गेली. चटणी परत आली, जरा कमी होऊन. सर्व्हिस अशी, गप्पा मारणारी, घाई न करणारी. कॅश-कार्ड दोन्ही, टिप धरून माणशी तीस-चाळीस डॉलर डोक्यात ठेवा, दोन बिअर घेणारे असाल तर जास्त. ओळखपत्र सगळ्यांनी न्या, साठीच्या माणसाला पण विचारू शकतात, बाबांना विचारलं तर ते दिवसभर खूश होते.

लहान मुलं असली तर चालतं, जेवायच्या भागात कोणी काही म्हणत नाही. नाव ज्याच्यावरून पडलं तो एडवर्ड विनकूप हा डेन्व्हर वसलं त्या काळातला शेरीफ आणि नंतर सैन्यातला मेजर, १८६४ च्या सँड क्रीक हत्याकांडाची, जिथे सैनिकांनी तिथल्या मूळ रहिवाशांना मारलं, चौकशी करून ज्याने आपल्याच लष्कराविरुद्ध लिहिलं. मोठ्या मुलांना हे सांगा, स्टेशनसमोर उभं राहून सांगायला चांगली गोष्ट आहे.

गाडी आणू नका. लोडोत पार्किंगला जेवढे जातात त्यात अजून एक बिअर येते, शिवाय पिऊन चालवायची नाहीच. रॉकीज या इथल्या बेसबॉल संघाचा घरचा सामना असेल त्या दिवशी पाच ते सात टाळा, अख्खं कूर्स फील्ड आधी इथे येतं. सामना सुरू झाल्यावर साडेसातला गेलात तर खाली टेबल मिळतं आणि वर पूल टेबलही. आणि सामनाच बघायचा असेल तर स्टेडियमच्या वरच्या भागात खुर्च्यांची एक रांग जांभळी आहे, ती बरोबर एक मैल उंचीवर, तिकिटं तिथलीच काढा, स्वस्त असतात आणि सूर्य मावळताना डोंगर दिसतात.